नऊ दिवस, पाच मुक्काम आणि मागच्या सीटवरची दोघं

वाचकाचा प्रश्न : पुण्यातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, सासूबाई सोबत राहतात. मेच्या शेवटच्या आठवड्याला जोडून दोघांना नऊ दिवसांची रजा मिळू शकते. खर्चाची तयारी पन्नास हजारांपर्यंत. नवऱ्याने घरच्या गाडीने पुणे–महाबळेश्वर–कोल्हापूर–मालवण–गोवा–गणपतीपुळे–पुणे असा बेत आखलाय. ‘एवढं पेट्रोल जाळायचंच आहे तर वाटेतलं सगळं बघून घेऊ,’ असं त्यांचं म्हणणं. गेल्या वर्षी अशाच सहलीत धाकट्याला घाटात तीनदा उलटी झाली, मोठीला ताप भरला आणि शेवटचे दोन दिवस नवरा-बायको एकमेकांशी धड बोलत नव्हते. सासूबाई म्हणतात, ‘एवढ्याशा पोरांना काय आठवणार? पैसे वाया. त्यापेक्षा मामाकडे पाठवा.’ मुलीच्या वर्गातलं कुणी काश्मीरला चाललंय, कुणी सिंगापूरला. शिवाय सहल सोडून उरलेली पाच आठवड्यांची सुटी मुलं मोबाइलवर घालवतील ही धास्ती आहेच. ‘न्यावं की नेऊ नये? न्यायचं तर कुठे? आणि बाकीच्या सुटीचं काय?’

उत्तर :

नमस्कार ताई,

पत्र मार्चमध्येच पाठवलंत हे फार बरं केलंत. मेमधल्या बऱ्याच गोष्टी आत्ताच ठरवाव्या लागतात.

गेल्या वर्षीच्या सहलीचा दोष तुम्ही मुलांच्या वयाला आणि उन्हाला देताय. मला तो वेळापत्रकात दिसतो. यंदाच्या बेताची आधी बेरीज करून पाहू. पुणे ते महाबळेश्वर १२० किलोमीटर, तिथून कोल्हापूर १८०, पुढे मालवण १६०, मालवण ते पणजी सव्वाशेच्या आत, पणजी ते गणपतीपुळे अडीचशेच्या आसपास आणि गणपतीपुळ्याहून पुणे सव्वातीनशे. सगळं मिळून साडेअकराशेच्या घरात जातं. मुलं बरोबर असली की दर दीड-दोन तासांनी वीस मिनिटं थांबणं आलं, मधे घाट आले. सरासरी वेग ताशी ४० च्या वर सहसा जात नाही. म्हणजे जवळजवळ तीस तास गाडीत.

आता दुसऱ्या बाजूने मोजा. मे महिन्यात चार वर्षांचं मूल बाहेर मजेत असतं ते सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेचार ते सात. मधल्या वेळात ऊन तरी असतं, नाही तर झोप. या साडेसहा तासांतून नाश्ता, शी-शू, कपडे आणि रुसवेफुगवे वजा केले की हातात पाच तास उरतात, नऊ दिवसांचे पंचेचाळीस. प्रत्येक मुक्काम हलवायचा म्हणजे सकाळी बॅगा भरायच्या, हिशेब चुकता करायचा आणि निघायचं. म्हणजे दिवसातले सगळ्यात चांगले चार तास त्यातच गेले. पाच मुक्काम बदलले की पाच सकाळी गेल्या. मग दुपारी दोन वाजता नव्या गावात पोचायचं, खोली तयार नसते, मुलं पेंगुळलेली असतात, आणि ‘आता एवढं आलोच आहोत तर पॉइंट बघून घेऊ’ म्हणून त्यांना उन्हात उभं करायचं. मोठीचा ताप आणि तुमचा अबोला हे दोन्ही याच दुपारी सुरू झाले असणार.

पेट्रोलचा मुद्दा तुमच्या नवऱ्याला फार सयुक्तिक वाटतो, कारण मोठ्यांच्या सहलीत तो खराच असतो. मोठी माणसं बारा तास फिरू शकतात, त्यामुळे वाटेतलं प्रत्येक ठिकाण फुकट पदरात पडतं. लहान मुलांकडे दिवसाचे पाचच तास आहेत. त्यात एक ठिकाण वाढवलं की दुसरं उणं होतं. हा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा. ‘तुमचा बेत चुकीचा आहे’ म्हणण्यापेक्षा ‘हे पाच तास कशावर खर्च करायचे?’ असं विचारलंत तर बोलणं पुढे जाईल.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी सहसा आठवत नाही आणि चौथ्या वर्षातलंही बरंचसं पुसलं जातं. धाकट्याला वीस वर्षांनी मालवण आठवेल असं समजू नका. सात वर्षांच्या मुलीला मात्र तुकडे आठवतील, आणि ज्या गोष्टींबद्दल घरात बोलणं झालं त्या जास्त टिकतील. म्हणून रोज झोपताना दहा मिनिटं ‘आज काय काय दिसलं’ एवढं बोला. ‘मज्जा आली ना?’ असं विचारलं की मूल ‘हो’ म्हणून गप्प होतं. ‘खेकडा कुठून बाहेर आला होता? मग तू काय केलंस?’ असं विचारा. धाकट्याचं म्हणाल तर त्याला आठवावं म्हणून त्याला न्यायचं नाहीच. आई-बाबा सकाळी सात वाजता घाईत नाहीत, वाळूत बसलेत, हे त्याला वर्षातून आठ दिवस मिळावं एवढं कारण पुरेसं आहे.

काश्मीर-सिंगापूरची तुलना मुलीला टोचते की तुम्हाला, हे जरा तपासून पाहा. सात वर्षांची मुलं शाळा उघडल्यावर ठिकाणाचं नाव सांगतात ते आपण घरात ते नाव ज्या सुरात घेतो त्या सुरात.

तर न्या, जरूर न्या. एकाच ठिकाणी न्या. मालवण तुमच्या यादीत आहेच, तेच धरा. एक रात्र कोल्हापूर, चार रात्री मालवण किंवा तारकर्ली, परतताना पुन्हा एक रात्र कोल्हापूर. सात दिवस झाले. नऊपैकी उरलेले दोन दिवस घरी ठेवा, एक निघण्याआधी आणि एक आल्यावर. सोमवारी ऑफिस आणि रविवारी रात्री अकराला घरी, यातही सहली नासतात.

तारीख मात्र बदला. मेचा शेवटचा आठवडा किनाऱ्यासाठी गैरसोयीचा आहे. पावसाच्या तोंडावर समुद्र खवळायला लागतो, आणि साधारण २५ मेनंतर प्रवासी होड्या नि जलक्रीडा पावसाळ्यापुरत्या बंद होतात. तुम्ही मालवणला पोचाल आणि सिंधुदुर्ग किल्ला धक्क्यावरूनच बघाल. २०२५ साली तर मोसमी पाऊस २५ मेलाच तळकोकणात दाखल झाला होता. मेच्या पहिल्या पंधरवड्यात रजा मिळते का बघा, एकाला दोन दिवस कमी मिळाले तरी चालेल. त्यावेळी बाजारात हापूसही असतो.

पहिल्या पंधरवड्यातले नेमके कोणते दिवस? इथे घरातलं दिनदर्शिकेचं पान कामी येतं. किनाऱ्यावरचे लोक तिथीवरून भरती काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि ओहोटी भर दुपारी बाराला, म्हणजे वाळू तापलेली असताना. तुमच्या मुलांना अष्टमीच्या आसपासचे दिवस उपयोगाचे नाहीत. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा; ओहोटी त्याच्या सहा तास आधी आणि नंतर, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला. प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं, आणि तिथून ओहोटी रोज पाऊण तासाने सरकते. प्रतिपदेला सकाळी पावणेसात, द्वितीयेला साडेसात, तृतीयेला सव्वाआठ. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या ते तृतीया या चार दिवसांत सकाळी, मुलं ताजी असताना, समुद्र मागे गेलेला मिळतो. शिवाय या दिवसांत ओहोटी सगळ्यात खोल असते, त्यामुळे एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. गणित अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. गावात पोचल्यावर कुणाही मच्छीमाराला विचारून पक्कं करा. मुलीला पाढे येत असतील तर हे तिलाच काढायला द्या.

खडक उघडे पडल्यावर मालवणच्या रॉक गार्डनला जा. खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं आणि त्यात छोटे मासे, शंखात राहणारे खेकडे, फुलासारखे दिसणारे समुद्री जीव सापडतात. दोघांच्या पायात मागे पट्टा असलेले रबरी सँडल हवेत. साध्या चपला शेवाळ्यावर घसरतात आणि अनवाणी पाय कालवांच्या धारेने कापतात. खळग्याजवळ मांडी घालून बसायचं आणि पाच मिनिटं सावली न हलवता बघायचं. पहिल्या मिनिटाला काही दिसत नाही, तिसऱ्याला खेकडा बाहेर येतो. पारदर्शक डबा न्या, त्यात घेऊन बघा आणि तिथेच सोडून द्या. इथला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. जिवंत शंख घरी आणायचा नाही, आणि आणलात तर दोन दिवसांत गाडीला वास येतो. भरती लागली की खडकावरून लगेच उतरा. या तिथींना पाणी झपाट्याने वर येतं आणि मागचा रस्ता तुटू शकतो.

पाण्यात खेळण्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. मेमध्ये मुलांनी त्यांच्या गुडघ्यापर्यंतच पाण्यात जायचं. तुमच्या गुडघ्यापर्यंत नाही. ओहोटी जोरात लागलेली असताना पाणी बाहेर ओढतं, तेव्हा फक्त वाळूत खेळा. एका मुलामागे एक मोठं माणूस, हात लांबवला की मूल हातात येईल एवढ्या अंतरावर, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नाही. ‘आम्ही दोघं बघतोय’ म्हणजे पुष्कळदा कुणीच बघत नसतं. हवेची ट्यूब आणि फुगवलेली खेळणी समुद्रात नेऊच नका, सकाळचा जमिनीवरचा वारा ती आत नेतो. आणि गणपतीपुळे पुढे कधीतरी केलंत तर तिथे दर्शन घ्या, वाळूत बसा, पाण्यात उतरू नका. त्या किनाऱ्यावर धोक्याच्या सूचना उगीच लावलेल्या नाहीत.

सिंधुदुर्गाला एक अख्खी सकाळ द्या आणि मिळेल ती पहिली होडी पकडा. दहा वाजल्यावर दगड तापतात आणि देवळात चप्पल काढावी लागते तेव्हा मूल रडतं. खिशात मोजे ठेवा. होडीत चढण्याआधी लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का ते तपासा. बंद लावून झाल्यावर मुलाला हात वर करायला सांगा आणि जॅकेटचे खांदे धरून वर ओढा. हनुवटी आत गेली किंवा जॅकेट कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे, दुसरं मागा. लाजू नका, मागितलं की बहुधा मिळतं.

किल्ल्यावर तासाभराचा इतिहास सांगत बसू नका. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर याचं बांधकाम सुरू केलं, एवढं होडीत सांगून ठेवा. मग मुलांना एकच कोडं घाला : चहूकडे खारं पाणी, मग आत राहणारे लोक प्यायचे काय? उत्तर त्यांनी शोधायचं. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आत आहेत. नावं ऐकूनच धाकटा धावेल, म्हणून काठावर हात धरून ठेवा. चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा दाखवा. तटबंदीवरून पूर्ण चक्कर मारायचा मोह टाळा. तट तीन किलोमीटरच्या आसपास आहे आणि समुद्राच्या बाजूला कठडा सगळीकडे मुलांच्या उंचीचा नाही. दीड तासात परत फिरा. महादरवाजा बाहेरून चटकन दिसत नाही, म्हणून होडीतून उतरताना मुलीला विचारा, ‘दार कुठाय?’

एक संध्याकाळ कुडाळजवळच्या पिंगुळीसाठी ठेवा. मालवणहून तासाभराच्या आत पोचता. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा तिथल्या कलावंत घराण्यांनी जपली आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कलांगणात बाहुल्या जवळून बघता येतात. आधी फोन करून खेळाची वेळ विचारा. न सांगता गेलात तर नुसत्या टांगलेल्या बाहुल्या बघून परत याल. चार वर्षांच्या मुलाला दोऱ्या कुठे बांधल्यात हे कळलं की तो घरी येऊन रुमालाची बाहुली करतो. बाकी दोन संध्याकाळी काहीही ठरवू नका.

गोवा सोडलात याचं तुमच्या नवऱ्याला वाईट वाटेल. त्यांना परतीच्या कोल्हापुरात भरपाई द्या, रंकाळ्यावरची भेळ आणि ते म्हणतील तिथलं जेवण.

आता उलटीबद्दल. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना गाडी लागण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते ‘वळतोय’, आणि डोळे समोरच्या सीटची पाठ किंवा मोबाइल बघत असतील तर सांगतात ‘स्थिर आहोत’. मेंदूचा गोंधळ होतो. धाकटा लहान आहे, त्याला खिडकीतून बाहेर दिसतच नाही, हे तुमच्या त्रासाचं मोठं कारण असावं. त्याला पट्ट्यांची बालसीट द्या. सुरक्षेसाठी ती हवीच, शिवाय तो उंच बसतो आणि रस्ता दिसतो. मुलगी साधारण १४० सेंटिमीटर उंच होईपर्यंत तिलाही उंची देणारी बूस्टर सीट लागते, नाही तर पट्टा गळ्यावर येतो. मांडीवर मूल घेऊन पुढे बसणं कायमचं बंद करा. घाट लागण्याआधी तासभर कोरडं आणि थोडं खायला द्या : दशमी, राजगिऱ्याचा लाडू, चुरमुरे. दूध, क्रीमची बिस्किटं आणि तळलेलं नको. रिकामं पोटही नको, त्यानेही मळमळतं. उलटीच्या आधी मूल एकदम गप्प होतं, जांभया देतं, ओठ पांढरे पडतात, तोंडात लाळ येते. त्या क्षणी वळण सोडून सुरक्षित जागा बघून थांबा आणि पाच मिनिटं चालवा. उलटी झाल्यावर थांबून काय उपयोग? उलटीचं औषध द्यायचं झालं तर डॉक्टरांना वजन सांगून आधीच लिहून घ्या, ते निघायच्या अर्धा तास आधी द्यावं लागतं आणि त्याने झोप येते. कपड्यांचा एक जोड, ओला टॉवेल आणि भोक नसलेल्या पिशव्या डिकीत ठेवू नका, पुढच्या सीटखाली ठेवा. कोल्हापूरहून फोंडा घाटाने उतरायचं तर सकाळी सातला निघा. आणि निघायच्या आदल्या दिवशी घाट सुरू असल्याची खात्री करा, दुरुस्तीसाठी घाट बंद असण्याचे प्रसंग येतात.

गाडी उन्हात लावून ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणून झोपलेल्या मुलाला आत ठेवू नका. बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा-अकरा अंशांनी चढतं, आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

मालवणात पारा ३३-३४ च्याच आसपास असतो, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. मुलं तहान लागली म्हणून सांगत नाहीत, चिडचिड करतात. खेळताना दर वीस मिनिटांनी चार घोट पाणी द्या. सहा तास लघवी झाली नाही किंवा ती गडद पिवळी झाली तर खेळ थांबवून सावलीत आणा आणि पाणी पाजा. मूल मलूल झालं, पाणी पोटात ठरेना किंवा सुस्तावलं तर डॉक्टर गाठा. अंग भट्टीसारखं तापलंय आणि मूल असंबद्ध बोलतंय, तर तापाचं औषध देत बसू नका. कपडे काढा, पाणी ओतून वारा घाला आणि तसंच दवाखान्यात न्या.

ओआरएसची पुडी सोबत असतेच, पण ती चुकीची कालवली जाते. मोठी पुडी, वीस-एकवीस ग्रॅमची, पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकली की मिठाचं प्रमाण वाढतं आणि त्याने अपायच होतो. पेल्यापुरती हवी असेल तर सव्वाचार ग्रॅमची छोटी पुडी घ्या, ती २०० मिलिलिटरची. पुडी मिळालीच नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कालवलेलं चोवीस तासांनी फेकून द्यायचं. जुलाब होत असतील तर प्रत्येक जुलाबानंतर तुमच्या मुलांच्या वयाला अर्धा ते एक पेला द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने सुरू करा. दुकानात खोक्यात मिळणारी गोड फळांची पेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत, साखरेने जुलाब वाढतात. तापाच्या पॅरासिटामॉलचंही बघा. तेच सिरप दोन ताकदींत मिळतं, पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि पाच मिलिलिटरमध्ये २५०. घरची बाटली एक आणि गावात घेतलेली दुसरी, चमचा मात्र तोच, असं झालं की मात्रा दुप्पट होते. निघण्याआधी दोघांचं वजन करून डॉक्टरांकडून ‘या बाटलीतून इतके मिलिलिटर’ असं कागदावर लिहून घ्या आणि बाटली घरचीच न्या.

राहायला हॉटेलपेक्षा घरगुती निवास-न्याहारीची जागा बघा, पण ती फोटोवरून ठरवू नका, मालकांशी फोनवर बोला. तळमजल्यावर खोली आहे का? वीज गेली तर पंख्याला इन्व्हर्टर आहे का? मेमध्ये विहिरीला पाणी पुरतं का? किनारा चालत किती मिनिटं, आणि मधे मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? मुलांसाठी बिनतिखटाचं देतील का? मालवणी घरात घावणे, आंबोळी, वरणभात नि शहाळं मुलांना सहज चालतं. मासे द्यायचे तर सुरमईचा तुकडा द्या, तारलीसारखी काटेरी मासळी नको. चार रात्री सलग राहताय म्हटल्यावर दरात थोडं कमी-जास्त होतं, ते आत्ता मार्चमध्ये बोला. गाडीऐवजी कोकण रेल्वेने कुडाळपर्यंत जायचा विचार असेल तर आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि मेची तिकिटं पहिल्याच सकाळी संपतात. पाच वर्षांखालच्याला वेगळी जागा नको असेल तर तिकीट नाही. पाच ते अकराच्या मुलाला बर्थ हवा तर पूर्ण भाडं.

रजा मेच्या शेवटीच मिळाली तर किनारा सोडा आणि तीन रात्री माथेरानला जा. गाड्या गावाबाहेर दस्तुरीलाच थांबतात, त्यामुळे ‘रस्त्यावर पळू नको’ हे वाक्य तीन दिवस बोलावं लागत नाही. लहान मुलांच्या आईला याची किंमत कळेल. अमन लॉजहून छोटी गाडी पकडली की धाकट्याची सहल तिथेच सार्थकी लागते. करवंदं मिळतात. खाऊची पिशवी हातात उघडी धरू नका, माकडं ओढतात. धाकट्याला घोड्यावर एकट्याला बसवू नका.

मामाकडे पाठवण्याचा सल्ला चांगला आहे, पण दोघांना एका मापाने नको. मुलीला दहा दिवस पाठवा, आनंदाने राहील. धाकटा तुमच्याशिवाय गेला तर तिसऱ्या रात्री रडेल आणि त्याला सांभाळण्यात मुलीची सुटी जाईल. त्याला आजी सोबत गेल्या तरच पाठवा. भावाला एक मात्र स्पष्ट विचारा : शिवारात शेततळं आहे का, आणि त्याला कुंपण आहे का? शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. मुलीला पोहता येत असलं तरी तिथे जायचं नाही, हे तिला नि मामाच्या मुलांना एकत्र बसवून सांगा.

उरलेल्या दिवसांबद्दल माझं मत असं की पाचही आठवडे भरायचे नाहीत. दोन शिबिरं लावून सुटीची शाळा होते. आठवड्याला एक ठरलेली फेरी पुरते, तीही सकाळची : कात्रजचं प्राणिसंग्रहालय (बुधवारी बंद असतं), वेताळ टेकडी, केळकर संग्रहालयातली फक्त दिवे आणि अडकित्त्यांची दालनं, मेट्रोने मुठेच्या खालून स्वारगेट. मोबाइल हिसकावून घेऊ नका, त्याची वेळ ठरवा. दुपारी दोन ते तीन, जेव्हा बाहेर जाताच येत नाही, आणि तोही खोलीत नव्हे, दिवाणखान्यात. सकाळी मात्र आजींच्या हाताखाली काम द्या. साबुदाण्याच्या चकल्या प्लास्टिकवर घालायला चार वर्षांचा हातही चालतो. वाकड्या होतील, तळल्यावर सारख्याच लागतात.

आणि एक दिवस दिनदर्शिकेवर आत्ताच खूण करून ठेवा. पुण्यात १३-१४ मेला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. वेळ दुपारी साडेबारा, एखाद-दुसरं मिनिट इकडेतिकडे. तीन-चार दिवस आधीपासून रोज त्याच वेळी गच्चीवर एक उभा डबा सपाट फरशीवर ठेवा आणि सावलीच्या टोकाला खडूने रेघ मारा. फरशीला उतार असेल तर प्रयोग फसतो. वाटीत पाणी ठेवून पातळी बघून घ्या. रेघा रोज डब्याकडे सरकतात आणि त्या दिवशी रेघ मारायला सावलीच उरत नाही. दुसऱ्या आठवड्यात ती उलट्या बाजूला पडलेली असते. तेव्हा मालवणात असाल तर तिथे हाच दिवस ४ मेच्या आसपास येतो, कोल्हापुरात ६-७ मेला. दहा मिनिटांचंच काम आहे, त्यामुळे उन्हाची चिंता नको. टोप्या घाला, पाणी पिऊन जा. सासूबाईंनाही वर न्या आणि रेघ त्यांना मारू द्या.